डिजिटल व्हर्नियरला सेल तोडणारा स्विच बसवावा का? बसवला तर कुठे?

करवत_कानस
मंडळी, एक सल्ला हवाय. माझ्याकडे साधा दीडशे एमएमचा स्टीलचा डिजिटल व्हर्नियर आहे (जबड्यात वस्तू धरली की माप आकड्यात दाखवणारा), एका एलआर४४ या अल्कलाइन बटन सेलवर चालणारा. घरच्या घरी लाकूडकाम करतो, थोडं अ‍ॅल्युमिनियम, थ्रीडी प्रिंटरचे पार्ट, त्यामुळे तो रोज हातात येतोच असं नाही, कधी महिनाभर डब्यातच असतो आणि नेमका काढावा तेव्हा आकडे लुकलुकतात नाहीतर डिस्प्ले कोरा. ऑफचं बटन दाबूनच ठेवतो हां. शेवटी मल्टिमीटर लावून करंट बघितला. चालू असताना १७ मायक्रोअँप, बंद केल्यावर १३! म्हणजे बंद केल्यावर फक्त आकडे दिसायचे थांबतात, आतलं सगळं जागंच. १३ गुणिले २४ तास गुणिले ३६५ दिवस, वर्षाला सुमारे ११४ मिलीअँपअवर, आणि चांगल्या एलआर४४ ची सगळी ताकद साधारण तेवढीच. काहीही न मोजता वर्षाला अख्खा सेल जातो, आणि स्वस्त सेल तर त्याच्या निम्म्यातच मान टाकतो.
माझं मत असं की जे हत्यार कधीतरीच वापरायचं त्याला सेल खरोखर तुटेल असा स्विच हवाच. प्रश्न तीन. स्विच कोणता, बसवायचा कुठे, आणि अचूकपणावर काही परिणाम होतो का? कोणी केलंय का?

उद्यमनगरचा_टर्नर
सेल काढून ठेवायचा की हो. डब्यात जादाच्या सेलचा खड्डा असतोयच, त्यात टाकायचा. आमच्या शॉपमधी सगळी तेच करतात. स्विच कशाला पायजे?

मोजूनमापून
त्यापेक्षा साधा, रेघांचा व्हर्नियर घ्या. पिएर व्हर्नियेनं १६३१ साली मांडला, तेव्हापासून आजपर्यंत एकदाही सेल संपलेला नाही :)

पाऊण_इंच
+१ मोजूनमापून. पण चाळिशीनंतर ०.०२ च्या रेघा वाचून दाखवा, मग बोलू :)

सर्किट_सोबती
टर्नरदादांचा उपाय चालतो, पण आधी ऑफ केल्यावरही करंट का जातो ते सांगतो, कारण स्विच कुठे चालेल आणि कुठे नाही ते त्यावरच ठरतं.

या स्वस्त व्हर्नियरच्या पट्टीवर जो छापील स्टिकर असतो त्याच्या खाली तांब्याच्या बारीक बारीक पट्ट्यांची रांग असते. स्लायडरच्या आतल्या बोर्डाच्या पाठीवरही तशाच पट्ट्या. दोन्हींमध्ये मिळून जो कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) तयार होतो तो स्लायडर सरकला की बदलतो आणि चिप ते बदल मोजत जाते. मोजत जाते हे महत्त्वाचं. आपण कुठे आहोत हे तिला एकदम कळत नाही, शेवटच्या झिरोपासून किती सरकलो एवढंच माहीत असतं. मग तुम्ही ऑफ करून जबडा उघडला आणि परत ऑन केलं तर आकडा बरोबर यायला हवा, म्हणून बनवणाऱ्यांनी ऑफचं बटन फक्त डिस्प्लेपुरतं ठेवलं आणि मोजणी चालू ठेवली. करवतभाऊंचा हिशोब अगदी बरोबर आहे.

स्विचने सेल तोडला तर झिरो जातो. पण आपण दर वेळी जबडे मिटून झिरो मारतोच, मारायलाच पाहिजे, त्यामुळे काही बिघडत नाही. अचूकपणा पट्टीवरच्या तांब्याच्या नक्षीवर ठरतो, स्विचचा त्याच्याशी संबंध नाही.

मिटुटोयो कंपनीच्या अ‍ॅब्सोल्यूट प्रकारात मात्र जागा थेट ओळखली जाते, ओरिजिन (शून्याची जागा) एकदा सेट केला की सेल बदलेपर्यंत राहतो आणि एकच एसआर४४ (त्याच मापाचा दुसऱ्या प्रकारचा सेल) वर्षानुवर्षं पुरतो. तिथे स्विच लावलात तर उलट दर वेळी ओरिजिन मारत बसावं लागेल. त्याला हात लावू नका.

चाकणची_क्वालिटी
एक कळकळीची विनंती. कंपनीच्या कॅलिब्रेशन (अचूकपणा तपासल्याचा) स्टिकर असलेल्या इन्स्ट्रुमेंटवर हा प्रयोग कोणीही करू नका. एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबमधून आलेलं सर्टिफिकेट ज्या अवस्थेतल्या इन्स्ट्रुमेंटचं आहे ती अवस्था तुम्ही स्क्रू उघडून बदलता. आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगाचं क्वालिटी स्टँडर्ड) च्या ऑडिटला व्हर्नियरच्या बाजूला भोक दिसलं तर पहिला प्रश्न तोच येणार, आणि त्या व्हर्नियरने पास केलेल्या सगळ्या जॉबवर (बनवलेल्या नगांवर) येणार. घरचा असेल तर खुशाल करा.

करवत_कानस
घरचाच आहे ताई, स्टिकर फक्त मुलीने लावलेला मांजराचा आहे.
@उद्यमनगरचा_टर्नर, सेल काढायचा उपाय करून बघितला. ती छोटी पत्र्याची पत्ती आणि सेलचं प्लास्टिकचं झाकण दोन्ही सारखं काढघाल करायला बनवलेलं नाही, झाकणाचा खाचा आत्ताच सैल झालाय.

बालरुग्ण_विभाग
मी या क्षेत्रातली नाही पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. घरात लहान मूल असेल तर सेल काढून टेबलावर ठेवायची सवय नकोच. बटन सेल मुलं तोंडात घालतात. अन्ननलिकेत अडकला तर करंटमुळे तिथे अल्कली तयार होतो आणि आतून भाजल्यासारखी जखम होते. सीआर२०३२ सारखा मोठा लिथियम सेल असेल तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. एलआर४४ लहान असतो म्हणून पुढे सरकायची शक्यता जास्त, पण नाकात कानात घातलेलेही आम्ही काढतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल आणि एक्सरे. व्हर्नियरचं झाकण अंगठ्याने सरकतं, त्याला स्क्रू नसतो, त्यामुळे खरं तर पूर्ण व्हर्नियरच मुलांच्या हाताबाहेर ठेवायला हवा. स्विच बसवून सेल आतच राहणार असेल तर माझं मत स्विचला.

पाऊण_इंच
ताई धन्यवाद, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. आमच्याकडे जुन्या सेलचा ढीग उघड्या वाटीत असतो, आता उठूनच हलवतो.

उद्यमनगरचा_टर्नर
व्हय, हे पटलं. शॉपमधी पोरं नसत्यात म्हणून आमचं चालतंय.

टापकीर_गल्ली
स्विच न लावता एक उपाय: नव्या रिमोटमध्ये सेलखाली प्लास्टिकची पट्टी असते ना ओढून काढायची, तशी. जुन्या एक्सरे फिल्मची पाच एमएम रुंद पट्टी कापायची, सेल आणि पत्तीच्या मध्ये सरकवायची, टोक झाकणाबाहेर ठेवायचं. मोजायचं असेल तेव्हा ओढली, झालं. खर्च शून्य, सोल्डरिंग शून्य.

नागपुरी_फिटर
ते पट्टीचं ओढणं सोपं हाय भाऊ, परत घालणं नाही. झाकण काढाच लागते. मग सेलच काढ नं.

यंत्रघर
मी आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या भंगारात निघालेल्या दोन व्हर्नियरना स्विच बसवलाय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

उघडणं: स्लायडरच्या मागच्या बाजूला जो चकचकीत स्टिकर असतो त्याच्या खाली चार स्क्रू असतात. हेअर ड्रायरने जरा गरम करून स्टिकरचा कोपरा उचलला की फाटत नाही. झाकण उचलताना सावकाश, कारण काचेच्या डिस्प्लेला बोर्डाशी जोडणारी रबराची पट्टी असते (काळ्यापांढऱ्या बारीक थरांची), ती सोल्डर केलेली नसते, नुसती दाबून धरलेली असते. ती हलली की आकड्यांच्या अर्ध्या रेघा गायब. बोर्डाच्या पाठीवरच्या तांब्याच्या नक्षीला बोटाचा घाम, फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट पदार्थ) काहीही लागू द्यायचं नाही, लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं.

स्विच: बाजारात पटकन मिळतो तो तीन पायांचा एसएस१२डी००, पण तो साडेतीन एमएमच्या आसपास जाड, आत मावत नाही. जुन्या एमपीथ्री प्लेयरमध्ये असायचा तसा बुटका, दीड एमएम जाडीचा स्लाइड स्विच शोधा. तार एनॅमलची (वर वार्निशचा थर असलेली) बारीक.

कोणती बाजू तोडायची: ज्या पत्तीचा सोल्डर सहज सुटतो ती. मात्र एक गोष्ट तपासा. मी उघडलेल्या दोन्हींमध्ये सेलची प्लस बाजू व्हर्नियरच्या धातूच्या अंगाला जोडलेली होती. म्हणजे मायनसची उघडी तार कुठे अंगाला टेकली की सेल शॉर्ट. कॅप्टॉन टेप (वीज जाऊ न देणारी, उष्णता सोसणारी) लावाच.

जागा: डेटा केबलचं ते चार टिकल्यांचं पोर्ट असतं ना वरच्या कडेला, सरकत्या झाकणाचं. ते आपल्यापैकी फार कोणी वापरत नाही. माझ्या एकात तिथे स्विच बसला आणि पोर्टचं झाकण लावलं की स्विच लपतो, काम करताना चुकून बोट लागत नाही. दुसऱ्यात तेवढी खोली नव्हती म्हणून सेलच्या शेजारी बाजूला खाच पाडावी लागली. अंगठ्याच्या चाकाच्या बाजूला चुकूनही लावू नका.

लेथ_आणि_लोणचं
शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लिहा कोणीतरी. आमच्याकडे दिवसभर एकाच जॉबच्या हिशोबाने झिरो मारून ठेवतात, समजा ३२.५० ला झिरो, मग पुढच्या प्रत्येक पीसवर फक्त फरक वाचायचा. मधेच स्विच हलला आणि परत जागेवर आला तर डिस्प्ले चालूच दिसतो पण झिरो दुसरीकडेच, आणि पुढचा सगळा माल रिजेक्ट. म्हणून माझा तरी स्विचला विरोध आहे. सेल पत्त्यात घेतला तर चहाच्या भावात पडतो, एक जॉब गेला तर किती कप चहा?

करवत_कानस
मुद्दा पैशाचा नाहीये हो. रात्री दहा वाजता फेविकॉल लावून ठेवलाय, क्लॅम्प मारायच्या आधी माप बघायचंय आणि व्हर्नियर कोरा, तेव्हा सेल आणायला कुठे जाऊ? तुमच्या शॉपमध्ये रोज वापर आहे, तिथे स्विच नकोच, हे मान्य. माझ्यासारख्याचा वापर वेगळा.

सर्किट_सोबती
लोणचंभाऊंच्या अडचणीवर उपाय आहे. स्विचच्या पुढे, म्हणजे सर्किटच्या बाजूला, १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक किंवा टँटलम कपॅसिटर (थोडी वीज साठवून ठेवणारा भाग) लावा. १५ मायक्रोअँप करंटला त्याचा व्होल्टेज ०.१ ने उतरायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो, त्यामुळे धक्क्याने स्विच क्षणभर उचलला गेला तरी झिरो जात नाही. साधा इलेक्ट्रोलिटिक नको, त्याचा स्वतःचा लीकेजच (आपोआप गळणारा करंट) आपल्या करंटच्या तोडीचा असू शकतो.

यंत्रघर
@सर्किट_सोबती, पण त्याने दुसरी भानगड होते. स्विच बंद केल्यावर कपॅसिटर रिकामा व्हायला दहाएक सेकंद किंवा जास्तच लागतात, तेवढ्यात परत ऑन केलं तर चिप धड रीसेट होत नाही, डिस्प्लेवर भलतेच आकडे अडकतात. सेल बदलतानाही होतं हे कधीकधी, सेल काढून थोडा वेळ थांबून परत घातला की सुटतं.

सर्किट_सोबती
बरोबर, आणि तीन पायांचा स्विच त्यासाठीच कामाचा. मधला पाय सर्किटच्या प्लसला, एक टोक सेलच्या प्लसला, दुसरं टोक १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सर्किटच्या मायनसला. बंद केलं की कपॅसिटर अर्ध्या सेकंदात रिकामा आणि पुढच्या वेळी चिप स्वच्छ सुरू होते. मायनसची बाजू तोडली असेल तर हेच उलटं करायचं.

जुना_रेडिओवाला
सगळे स्विचच्या आकाराबद्दल बोलताय, पण कॉन्टॅक्टचं काय? चांदीच्या कॉन्टॅक्टवर हवेने काळा थर येतो, जास्त करंटला तो फुटून जातो, पण दीड व्होल्ट आणि मायक्रोअँपमध्ये फुटत नाही. इतक्या कमी करंटला सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट लागतात. समुद्राकाठच्या हवेत तर हमखास त्रास, आमच्या रत्नागिरीत रेडिओचे स्विच साफ करता करता माझी निम्मी दुकानदारी झाली.

यंत्रघर
काका, तत्त्वतः बरोबर, पण आकडे बघा. कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स वाढून अगदी १००० ओहम झाला तरी १५ मायक्रोअँपला त्यावर फक्त १५ मिलीव्होल्ट पडतात. व्हर्नियरला फरक कळणार नाही.

जुना_रेडिओवाला
रेझिस्टन्स स्थिर राहिला तर. तो राहत नाही, मधेच उघडतो मधेच जुळतो, आणि प्रत्येक वेळी उघडला की झिरो गेला. तुमचा तो कपॅसिटर लावलेला असेल तर निभेल, एवढं मान्य. तरी मुलाम्याचा मिळाला तर तोच घ्या, किमतीत फार फरक नाही.

चुंबकराव
रीड स्विच (चुंबकाने चालू-बंद होणारा) लावा ना! डब्याच्या झाकणात लोहचुंबक, व्हर्नियर डब्यात ठेवला की आपोआप बंद, बाहेर काढला की चालू. विसरायचा प्रश्नच नाही.

नागपुरी_फिटर
अन् त्या चुंबकानं जबड्यावर लोखंडाचा कीस चिकटला म्हणजे? माप ०.०५ नं जास्त येईल अन् तू सेलला शिव्या देशील. मोजायच्या हत्यारापाशी चुंबक नको बे.

चुंबकराव
लाकूडकामात कीस कुठून येणार...

करवत_कानस
ड्रिल, करवती, कानशी सगळं त्याच टेबलावर असतं हो. कल्पना आवडली होती पण चुंबक नको.

कानयंत्र_आजोबा
माझ्या श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा सेल अगदी याच मापाचा असतो, ११.६ बाय ५.४ एमएम. ताकद एलआर४४ च्या चार-पाच पट. तो घातला तर?

सर्किट_सोबती
आजोबा, तो झिंक-एअर. चिकटपट्टी काढून हवा लागली की वापरा न वापरा काही आठवड्यांत आतून सुकतो, आणि व्होल्टेज १.४ च्या आसपास. बरेच स्वस्त व्हर्नियर तेवढ्यालाच लुकलुकायला लागतात. खरा फायदा एसआर४४ चा, सिल्व्हर ऑक्साइडचा. तो १.५५ व्होल्ट जवळजवळ शेवटपर्यंत धरून ठेवतो. एलआर४४ हळूहळू उतरत जातो, म्हणून आत ताकद शिल्लक असतानाच व्हर्नियर त्याला संपलेला समजतो. करवतभाऊंचे सेल हिशोबापेक्षा लवकर जातात त्याचं कारण हे.
आणि चार्ज होणारा एलआयआर४४ कोणी घालू नका, तो ३.६ व्होल्टचा असतो, दीड व्होल्टची चिप जायची.

लेथ_आणि_लोणचं
हे बघा, निम्मा धागा इथेच संपला. एसआर४४ घाला आणि गप्प बसा :)

सुतारपक्षी_ठाणे
मी ड्रिल स्टँडला खोली मोजायला एक जुना व्हर्नियर कायमचा स्क्रूने बसवलाय. त्याला दोन तारा काढून ट्रिपल एचा साधा सेल जोडला. १००० मिलीअँपअवर धरले तर १५ मायक्रोअँपला सात वर्षांच्या वर हिशोब जातो. एका जागी बसलेल्या व्हर्नियरला हे बेस्ट, हातात धरायच्याला नाही.

नवशिका_आयटीआय
सर मला करंट मोजता येत नाहीये, माझ्या मीटरची रेंज २००० मायक्रोअँपची आहे, आकडा ११ आणि १४ मध्ये नाचतो.

यंत्रघर
सेलच्या सिरीजमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर लाव आणि त्याच्या दोन टोकांवर मीटर २०० मिलीव्होल्टच्या रेंजला ठेव. १ मिलीव्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँप. दशांशापर्यंत वाचता येईल. आणि असे प्रश्न विचारत जा, फार चांगला प्रश्न आहे.

नवशिका_आयटीआय
आला सर! १२.६. थँक्यू.

जुना_रेडिओवाला
अवांतर: संपलेला अल्कलाइन सेल आत राहिला तर फुटून पांढरी पावडर येते, ती अल्कली असते, पत्ती खाते. स्विचने ते थांबत नाही. व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसा, मग अल्कोहोलने. पाणी ओतू नका.

करवत_कानस
केलं! रविवारी बसलो. यंत्रघर यांच्या सांगण्याप्रमाणे बुटका स्विच, पोर्टच्या झाकणाखाली बसला. तीन पायांची जोडणी, १ किलोओहम, आणि १०० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक. माझ्यातही प्लस बाजू अंगालाच होती, टेप लावला. सेल एसआर४४. स्विच बंद असताना करंट मीटरला दिसतच नाही.
अचूकपणा तपासायला घरात स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) नाहीत, म्हणून ६०८ चं नवीन बेअरिंग घेतलं, बाहेरून २२, आतून ८, जाडी ७ एमएम. उघडायच्या आधी मोजून ठेवलं होतं, नंतर पुन्हा मोजलं, आकडे तेच. प्रत्येक वेळी स्विच बंद-चालू करून झिरो मारून बघितलं, शेवटचा ०.०१ इकडेतिकडे, तो आधीही व्हायचा.
लोणचंभाऊंचा इशारा लक्षात ठेवून टेबलावर मुद्दाम आपटून पाहिला (हळूच), झिरो टिकला.

लेथ_आणि_लोणचं
मस्त काम. फोटो टाका. आणि शॉपमध्ये आणू नका :)

चाकणची_क्वालिटी
बेअरिंगची आयडिया चांगली आहे, घरच्यासाठी पुरेशी. फक्त आतल्या मापाला, ८ ला, जबडे किंचित हलवत सगळ्यात मोठा आकडा घ्या, आतल्या जॉने व्यास नेहमी थोडा कमीच येतो.

बालरुग्ण_विभाग
छान! आणि सेलच्या झाकणाचं काय केलंत? सैल झालंय म्हणाला होतात.

करवत_कानस
त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा मारलाय ताई, आणि डबा वरच्या फळीवर गेला.

पाऊण_इंच
माझ्याकडे डिजिटल हाइट गेज (उंची मोजायचं हत्यार) पडून आहे, सीआर२०३२ वाला. तिथेही हेच चालेल?

सर्किट_सोबती
आधी बंद असतानाचा करंट मोजा, वर नवशिक्याला सांगितलेल्या पद्धतीने. ३ व्होल्टच्या काही मॉडेलमध्ये तो इतका कमी असतो की स्विचची गरजच नसते. आकडा इथे टाका, मग बघू.